पाणपक्ष्यांच्या फोटोसाठी जागा कशी शोधायची: बडोद्याच्या तलावांवर कामी येणारा क्रम

दर हिवाळ्यात बडोद्यातल्या हौशी छायाचित्रकारांकडून एकच तक्रार ऐकू येते. वढवाणा तलावावर गेलो, पाणी झाकून जाईल इतकी बदकं होती, आणि घरी येऊन पाहिलं तर कार्डात नुसते काळे ठिपके. मग लेन्स लहान पडली असं ठरतं आणि पुढच्या वर्षी मोठी लेन्स घेतली जाते. तिनेही फारसा फरक पडत नाही, कारण चूक जागेची असते.

बहुतेक जण तलाव नावावरून निवडतात, दिवस सुट्टीवरून आणि काठ गाडी कुठे लावता येते त्यावरून. रस्ता जिथे संपतो तिथून समोरच्या पाण्याकडे कॅमेरा रोखला की काम झालं असं वाटतं. नेमका हाच क्रम बदलायला हवा. आधी पक्षी ठरवा, मग त्याला लागणारी पाण्याची खोली, मग महिना, मग काठ आणि सगळ्यात शेवटी बसायची जागा. कॅमेऱ्याच्या सेटिंगचा विचार त्यानंतर. खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. मधला एखादा गाळला तर पुढच्यांचा उपयोग होत नाही.

टप्पा १ : कोणता पक्षी आणि कसा फोटो, हे घरीच ठरवा

'बदकांचे फोटो काढायचे' एवढं ठरवून भागत नाही. आपल्याकडे हिवाळ्यात येणारी बदकं आणि हंस खाण्याच्या सवयीनुसार तीन प्रकारचे असतात आणि तिन्ही प्रकार एकाच तलावाच्या वेगवेगळ्या भागांत सापडतात.

पहिला प्रकार उथळ पाण्यात चरणाऱ्यांचा: थापट्या, तलवार बदक, चक्रांग, गडवाल आणि बारमाही राहणारं हळदी-कुंकू बदक. डोकं पाण्यात आणि शेपूट वर करून ही बदकं तळाचं खातात. त्यामुळे त्यांना वीतभर ते हातभर खोलीचं पाणी लागतं. उडताना ती जागेवरूनच सरळ वर उसळतात.

दुसरा प्रकार बुडी मारणाऱ्यांचा: छोटी लालसरी, मोठी लालसरी, शेंडी बदक. यांना खोल, मोकळं पाणी लागतं. त्यांचे पाय शरीराच्या मागच्या बाजूला असतात, म्हणून उडण्याआधी ती पाण्यावरून धावत जातात. वारकरी हा काळा पाणपक्षीही असाच धावतो. पाण्यावर उडणाऱ्या थेंबांसकट धावत्या पक्ष्याचा फोटो हवा असेल तर या पक्ष्यांकडे वळा.

तिसरा प्रकार चरणाऱ्या हंसांचा: पट्टेरी राजहंस आणि कलहंस. हे शेतात आणि गाळपेरीत, म्हणजे पाणी उतरल्यावर गाळात घेतलेल्या पिकात, चरतात, पाण्यावर येतात ते मुख्यतः विश्रांतीला. संध्याकाळी बाहेर पडतात, पहाटे परत येतात. त्यांचे उडतानाचे फोटो तलावाच्या मध्यावर मिळत नाहीत. शेत आणि पाणी यांच्यामधल्या वाटेवर मिळतात.

एका कागदावर एकच वाक्य लिहा. उदाहरणार्थ: 'थापट्याचा नर, सकाळच्या उन्हात, पाण्याच्या पातळीवरून.' पुढची सगळी निवड या वाक्यावरून होते.

पिसाऱ्याकडेही लक्ष द्या. ऑक्टोबरात आलेल्या बदकांचे बरेच नर अजून मादीसारखेच मळकट असतात. तलवार बदक आणि लालसरी डिसेंबरपर्यंत रंगात येतात, थापट्याला थोडा जास्त वेळ लागतो. भुवई बदक सगळ्यांत आधी येतं, पण त्याच्या नराची पांढरी भुवई ठसठशीत दिसायला बहुधा फेब्रुवारी उजाडतो. नोव्हेंबरात भुवई बदकाच्या नराच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

तपासा: तुमच्या वाक्यात पक्ष्याचं नाव, उजेडाची वेळ आणि कॅमेऱ्याची उंची या तिन्ही गोष्टी आल्या का? नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा २ : पाण्याची खोली नकाशावर वाचा

हे काम घरी, संगणकावर होतं आणि यात एक संध्याकाळ घालवली तर पुढच्या कित्येक खेपांचं पेट्रोल वाचतं.

गूगल अर्थ संगणकावर उघडा आणि जुनी चित्रं दाखवणारी पट्टी सुरू करा. पावसाळ्यानंतरची, म्हणजे साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीमधली चित्रं शोधा. इथेच बहुतेकांची चूक होते: ते समोर आलेलं पहिलं चित्र पाहतात. ते सप्टेंबरचं असेल तर तलाव काठोकाठ भरलेला दिसतो, मेमधलं असेल तर मधोमध डबकं. पक्षी ज्या महिन्यांत असतात त्या महिन्यांतलं पाणी पाहायला हवं.

मग रंग वाचा. गडद निळसर-काळं पाणी बहुधा खोल असतं. फिकट तपकिरी, मातकट कडा म्हणजे उथळ पाणी किंवा ओला गाळ. हिरवे ठिपके किंवा पट्टे म्हणजे पाणवनस्पती, तिथे कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी आणि काणूक हे छोटं बदक मिळण्याची शक्यता जास्त. एका चित्रावर विश्वास ठेवू नका, कारण पाण्यावर उन्हाची तिरीप असेल तर सगळंच फिकट दिसतं. दोन-तीन वर्षांच्या हिवाळ्यातली चित्रं एकापाठोपाठ पाहा. जी कड दर वर्षी उथळ दिसते ती तुमची कड.

सिंचन तलावाची घडण जवळजवळ सगळीकडे सारखीच असते. एका बाजूला मातीचा बांध, त्याच्या पायथ्याशी सगळ्यात खोल पाणी आणि समोरच्या बाजूला, जिथून ओढा किंवा कालवा आत येतो तिथे, पसरट उथळ भाग. रस्ता नेहमी बांधाकडे जातो. म्हणून येणारा प्रत्येक जण खोल पाण्यासमोर, पाच-सहा मीटर उंचीवर उभा राहतो आणि थापट्या-चक्रांगसारखी उथळ पाण्यातली बदकं त्याला पलीकडच्या टोकाला दिसतात. लालसरीसाठी बांध ठीक आहे. थापट्या आणि तलवार बदकासाठी तुम्हाला पलीकडे जावंच लागेल. तिथे जाणारी बैलगाडीची वाट किंवा शेताचा बांध याच चित्रात शोधून ठेवा.

बडोद्यापासून जवळचे तलाव या नजरेने पाहिले तर प्रत्येकाचं काम वेगळं दिसतं. आजवा सरोवर शहराच्या पाणीपुरवठ्याचं आहे, मोठं आणि बऱ्याच भागांत खोल, तेव्हा उथळ पाण्यातल्या बदकांसाठी तिथे आधी कड शोधावी लागेल. वाघोडिया बाजूचा टिंबी तलाव आकाराने लहान, म्हणून नवख्याला काठ समजून घ्यायला सोपा. डभोई तालुक्यातला वढवाणा तलाव बडोदा संस्थानाने १९१० साली सिंचनासाठी बांधला. आज तो सुमारे ६३० हेक्टरचं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. २०२१ साली त्याला तो दर्जा मिळाला, आणि पश्चिम भारतात एरवी कमी दिसणारी मोठी लालसरी तिथे नियमित येते. पण ६३० हेक्टर म्हणजे फार मोठं पाणी. 'वढवाण्याला जाऊ' हा पत्ता पुरेसा नाही, वढवाण्याचा कोणता काठ ते सांगता आलं पाहिजे.

गावतळ्यांकडे मात्र फार कमी लोक वळतात, आणि माझ्या मते नवख्या माणसाला सगळ्यात चांगले फोटो तिथेच मिळतात. धुणं, म्हशी, मुलांचा आरडाओरडा या सगळ्याची तिथल्या पक्ष्यांना सवय असते. हळदी-कुंकू बदक, अडई, टिबुकली, वारकरी मोठ्या तलावापेक्षा कितीतरी जवळ येऊ देतात. शिंगाड्याची किंवा कमळाची तळी असतील तर काणूक आधी तिथे शोधा.

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर त्या तलावाचं पान उघडून महिनावार आलेख बघा, मात्र प्रजातींच्या लांबलचक यादीला भुलू नका. यादी वर्षानुवर्षांची असते. तुम्हाला हवी आहे ती गेल्या दोन-तीन आठवड्यांतली संख्या.

टप्पा ३ : पाणी सरकतं, तशी जागाही सरकते

सिंचन तलावातलं पाणी रब्बीसाठी सोडतात. एक आवर्तन सुटलं की उथळ कड काही मीटर आत जाते आणि कालची चांगली जागा आज कोरड्या चिखलात असते. उलट कालव्याने पाणी आत आलं तर कालचा चिखल पाण्याखाली जातो आणि चिखलात खाणं शोधणारे पाणटिवळे निघून जातात. म्हणून गेल्या वर्षीच्या फोटोवरून किंवा मित्राने पाठवलेल्या नकाशावरच्या पिनवरून जागा ठरवू नका. पिन तलावापर्यंत नेते, काठ त्या आठवड्याचं पाणी ठरवतं.

काठावर एक ओळखीचा दगड, खुंटा किंवा बाभळीचं झाड धरा आणि प्रत्येक खेपेला पाणी त्याच्यापासून किती पावलं आहे ते मोजा. पाणी उतरत असेल तर उथळ पट्टा कोणत्या दिशेला सरकतोय ते लगेच कळतं आणि पुढच्या आठवड्याची जागा आधीच हेरता येते.

महिन्यांचं गणित थोडक्यात असं. ऑक्टोबरात पक्षी येऊ लागतात पण पाणी भरपूर असल्याने विखुरलेले असतात. डिसेंबर-जानेवारीत संख्या आणि रंग दोन्ही चांगले. फेब्रुवारीत पाणी आटतं, पक्षी थोड्या पाण्यात एकवटतात, म्हणून अंतर कमी होतं. मला स्वतःला फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा सगळ्यात आवडतो, आणि गर्दीही तोवर ओसरलेली असते.

सावधान: उत्तरायणाच्या आसपासचे दिवस टाळा. १४ आणि १५ जानेवारीला गावागावांत पतंग असतात आणि पहाटे-संध्याकाळी येणारे-जाणारे थवे नेमके मांज्याच्या उंचीवरून उडतात. त्या दिवसांत पक्ष्यांना उठवणं म्हणजे त्यांना मांज्यात ढकलणं. जखमी पक्षी दिसला तर स्वतः ओढाओढ करू नका, त्याच्यावर कापड टाकून अंधारात शांत ठेवा आणि १९६२ वर फोन करा. गुजरातची करुणा पशुरुग्णवाहिका त्याच क्रमांकावर मिळते. १० ते २० जानेवारीत करुणा अभियानाखाली यासाठी जास्तीची व्यवस्थाही असते.

टप्पा ४ : ऊन आणि वारा बघून काठ निवडा

सगळ्यात जास्त फोटो इथे बिघडतात, म्हणून हा टप्पा नीट वाचा.

सकाळी ऊन पाठीमागून हवं, म्हणजे तुम्ही पूर्वेच्या काठावर आणि तोंड पश्चिमेकडे. संध्याकाळी उलट. हे बहुतेकांना माहीत असतं, पण जानेवारीत सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही. आपल्याकडे तो पूर्वेपासून वीस ते पंचवीस अंश दक्षिणेकडे सरकून, आग्नेयेच्या दिशेला उगवतो. त्यामुळे सकाळसाठी सगळ्यात चांगला काठ आग्नेयेकडचा. मोबाइलमधलं होकायंत्र काढा, नकाशावर तलावाच्या मधोमध बोट ठेवा आणि तिथून आग्नेयेला जाणारी रेघ कोणत्या काठाला लागते ते पाहा.

आता वारा. बदक उतरताना आणि उडताना वाऱ्याकडे तोंड करतं. हिवाळ्यात मध्य गुजरातेत वारा बहुतेक वेळा उत्तर किंवा ईशान्येकडून असतो. म्हणजे उतरणारं बदक ईशान्येकडे तोंड करून येतं. तुम्ही पूर्वेच्या बाजूला बसला असाल तर पक्षी तुमच्याकडे तोंड करून, पाय पुढे काढून, पंख पसरून उतरतो आणि ऊनही तुमच्या पाठीमागून त्याच्या तोंडावर पडतं. संध्याकाळी तुम्ही पश्चिमेच्या काठावर गेलात तर उजेड चांगला मिळतो, पण उतरणाऱ्या पक्ष्याची पाठ आणि शेपूटच दिसते. म्हणून उतरण्याचे फोटो सकाळी काढा, संध्याकाळ पोहणाऱ्या आणि पंख साफ करणाऱ्या पक्ष्यांसाठी ठेवा.

काठ ठरवताना ऊन आणि वारा यांत ओढाताण झाली तर पोहणाऱ्या पक्ष्यासाठी उन्हाला मान द्या, उडणाऱ्यासाठी वाऱ्याला. आणि त्या दिवशी वारा फिरला असेल तर गाडीतून उतरायच्या आधीच काठ बदला. तोंडाने सांगितलेल्या अंदाजापेक्षा काठावरचं गवत कोणत्या बाजूला झुकलंय ते पाहा. स्वस्थ बसलेला थवाही बऱ्याचदा वाऱ्याकडेच तोंड करून असतो.

पार्श्वभूमीही याच वेळी पाहून घ्या. समोरच्या काठावर कोरडं पिवळं गवत असेल तर त्याचं प्रतिबिंब पाण्याला सोनेरी करतं. विजेचा खांब, पंपहाऊस किंवा निळी ताडपत्री असेल तर तेही फोटोत येतं, आणि पाण्यातल्या प्रतिबिंबासकट.

तपासा: नकाशावर तुमचा काठ, त्यावर उन्हाची रेघ आणि वाऱ्याचा बाण काढलात का? दोन्ही बाण तुमच्या पाठीकडून पाण्याकडे जात असतील तर जागा पक्की.

टप्पा ५ : पहिली खेप कॅमेरा न काढता

पहिल्या दिवशी दुर्बीण, वही आणि पाण्याची बाटली एवढंच घेऊन जा. कॅमेरा हातात असला की माणूस एका पक्ष्यामागे लागतो आणि तलाव वाचायचा राहून जातो. उजाडल्यापासून तीन तास एका जागी बसा आणि चार गोष्टी लिहा: कोणता थवा कुठे बसला, किती वाजता हलला, कोणत्या दिशेने उडाला, कशामुळे उडाला.

शेवटची नोंद फार कामाची. सकाळी मासेमारीची जाळी काढायला कोणी ठरावीक वेळी येत असेल, गुरं ठरावीक जागी पाण्यावर येत असतील, तर त्या बाजूचा थवा रोज त्याच वेळी उठून दुसरीकडे बसतो. त्या दुसऱ्या जागी तुम्ही आधीच बसलेले असलात तर पक्षी स्वतःहून तुमच्याकडे येतात.

वरून सावकाश फिरणाऱ्या शिकारी पक्ष्याकडेही लक्ष ठेवा. मार्श हॅरियर पाणवनस्पतींवरून कमी उंचीवर उडू लागला की वारकऱ्यांचा अख्खा थवा एकत्र दाटीने गोळा होतो आणि चक्रांग क्षणात उठतात. त्याची फेरी कोणत्या बाजूने सुरू होते ते दोन सकाळींत समजतं.

याच खेपेला पक्ष्यांची अंतराची मर्यादा ओळखा. काठाने हळू चालत जा आणि पाहा: चरणारा थवा आधी चरायचं थांबवतो, मग सगळ्यांच्या माना ताठ होतात, मग ती पाण्यात आत सरकू लागतात. माना ताठ झाल्या तिथे थांबा आणि पावलं मोजत मागे या. त्यापेक्षा जवळ या तलावावर, या पक्ष्यासाठी जायचं नाही, हा तुमचा नियम. वारकऱ्याचं अंतर कमी असतं, तलवार बदकाचं आणि हंसांचं बरंच जास्त.

टप्पा ६ : विचारा, मगच जा

वढवाण्याला वन खात्याची व्यवस्था आहे, तेव्हा वेळ, शुल्क आणि कोणत्या बाजूला जाता येतं हे तिथे गेल्यावर आधी विचारा. पाण्याच्या पलीकडचा उथळ काठ बहुतेक ठिकाणी कोणाच्या तरी शेताला लागून असतो. गाळपेरीतून सरळ चालत गेलात तर कोवळा हरभरा तुडवला जातो आणि पुढच्या वेळी तुम्हाला कोणी पाय ठेवू देणार नाही.

बडोद्यातल्या मराठी घरांत गुजराती सगळ्यांनाच येते, ती इथे वापरा. 'काका, आ बाजु बतक क्यारे आवे छे?' एवढं विचारलं तरी जी माहिती मिळते ती कुठल्याही नकाशावर नसते. वारकऱ्याला तिकडे भगतडुं म्हणतात आणि कलहंसाला गाजहंस, ही नावं ठाऊक असली की उत्तर नेमकं मिळतं. गुरं राखणारे, जाळी टाकणारे आणि पंपावर बसणारे या तिघांना आवर्जून विचारा, कारण ते रोज उजाडताना तिथे असतात. आणि पुढच्या खेपेला त्यांच्यासाठी एखादा चांगला फोटो छापून न्या.

पक्षी जवळ यावेत म्हणून सेव-गाठ्या टाकू नका, हाका किंवा टाळ्या मारून थवा उडवू नका, ड्रोन नेऊ नका. हे पक्षी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला परतीसाठी चरबी साठवायची असते. प्रत्येक वेळी उठवलं की ती खर्च होते.

टप्पा ७ : मगरीची खात्री करा

इतर ठिकाणचे मार्गदर्शक सांगतात, 'पाण्याच्या कडेला पोटावर झोपा.' बडोद्याच्या परिसरात हा सल्ला जसाच्या तसा पाळू नका. विश्वामित्री नदीत, आजव्याच्या पाण्यात आणि जिल्ह्यातल्या अनेक तळ्यांत मगरी आहेत. पाण्याच्या कडेला आडवा पडलेला, स्थिर माणूस हीच मगरीसाठी सगळ्यात सोयीची स्थिती.

चिखलात तिची खूण ओळखायला शिका. दोन्ही बाजूंना पसरट पंजांचे ठसे आणि त्यांच्या मधोमध शेपटीची ओढलेली, किंचित नागमोडी रेघ. काठावर गवत चपटं होऊन पाण्याकडे गुळगुळीत घसरण झालेली असेल तर ती तिची ऊन खायला वर येण्याची वाट. हिवाळ्यात मगरी दिवसा ऊन खायला बाहेर येतात, म्हणून सकाळी नऊनंतर दुर्बिणीने समोरचे आणि शेजारचे काठ चाळून घ्या. गावात विचारा. गुरं कुठल्या जागी पाण्यावर नेत नाहीत, हे गुराख्याला पक्कं माहीत असतं.

खूण दिसली तर ती जागा सोडा, कितीही चांगली असली तरी. खूण दिसली नाही तरी पाण्यापासून निदान दहा-बारा पावलं मागे बसा, अंधारात पाण्याशी जाऊ नका आणि एकटे जाऊ नका.

मागे बसल्याने फोटो बिघडतो ही समजूत चुकीची आहे. फोटोतला कोन कॅमेऱ्याची उंची आणि पक्ष्याचं अंतर यावर ठरतो. कॅमेरा जमिनीपासून हातभर उंचीवर आणि पक्षी तीस मीटरवर असेल तर तो जवळजवळ पाण्याच्या पातळीवरूनच दिसतो. तोच पक्षी पाच मीटर उंच बांधावरून पाहिला तर पाठ आणि मागचं गढूळ पाणी दिसतं. म्हणून उतरता, पसरट काठ शोधा: पाण्यापासून लांब राहूनही खाली बसता येतं.

टप्पा ८ : बसायची जागा तयार करा

गाडी नेता येत असेल तर गाडीसारखा आडोसा नाही. काच खाली करून त्यावर बीनबॅग, म्हणजे लेन्स टेकवायची दाणे भरलेली पिशवी ठेवा, इंजिन बंद करा आणि दार उघडू नका. पक्षी गाडीला फारसे घाबरत नाहीत, गाडीतून उतरणाऱ्या माणसाला घाबरतात.

गाडी जात नसेल तर एखादं झुडूप, बांधाचा उतार किंवा गवताचा पुंजका पाठीमागे घ्या, समोर नको. माणसाची आकृती आकाशावर उठून दिसते तेव्हा पक्षी बिचकतात. मागे काही असलं की ती आकृती विरघळते. मातकट किंवा खाकी कपडे, डोक्यावर टोपी, अंगावर एक जुनी खाकी चादर एवढं पुरतं. फांद्या तोडून आडोसा करू नका.

चुका इथेही ठरलेल्याच. पांढरा किंवा भडक शर्ट. चारजणांचा घोळका, आणि त्यात एक जण फोनवर बोलणारा. उजाडल्यावर पोहोचून बसायच्या जागेकडे चालत जाणं, म्हणजे जे पक्षी हवे होते तेच आधी उडवणं.

टप्पा ९ : पहाटेचा क्रम

जानेवारीत बडोद्याला सूर्योदय साधारण सव्वासात ते साडेसातच्या दरम्यान होतो. त्याआधी पाऊण तास तुम्ही जागेवर बसलेले हवेत. पाहणीत पायवाट पक्की झाली असेल तर हे अवघड नाही. ती झाली नसेल तर अंधारात जाऊ नका.

बसल्यावर पहिला अर्धा तास हालचाल नको. शेतांकडून परतणारे राजहंस याच वेळी येतात, आधी आवाज येतो आणि मग रांग दिसते. उजेड कमी असतो, तेव्हा आकाशावरच्या आकृत्याच घ्या, तपशिलाचा हट्ट धरू नका.

ऊन पाण्यावर उतरलं की उथळ पाण्यातली बदकं चरत तुमच्याकडे येऊ लागतात. थापट्यांचा एक गट गोल फिरताना दिसला तर त्यांच्यावरच थांबा. प्रत्येक जण पुढच्याच्या पायांनी ढवळलेल्या पाण्यात रुंद चोच डावी-उजवीकडे घासत जातो आणि चोचीच्या कडेने पाणी गळत राहतं. त्यांचं लक्ष खाण्यात असतं, अंतर आपोआप कमी होतं आणि डोकं वर करणाऱ्या पक्ष्याच्या चोचीवरचा थेंब टिपायला वेळ मिळतो.

सेटिंग थोडक्यात: पोहणाऱ्या पक्ष्याला १/१००० सेकंदाच्या आसपास, उडणाऱ्याला १/२००० किंवा त्याहून जलद. पांढऱ्या पक्ष्यासाठी एक्सपोजर थोडं कमी, काळ्याभोर वारकऱ्यासाठी थोडं जास्त. फोकस डोळ्यावर. लालसरी उडण्याआधी वाऱ्याकडे वळते आणि मान पुढे करते, बोट तेव्हाच बटणावर असू द्या.

दहाच्या सुमारास थांबा. जमीन तापली की पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि लांबच्या पक्ष्याचा फोटो कुठल्याही लेन्सने धारदार येत नाही. हा फोकसचा दोष समजून लोक सेटिंग बदलत बसतात. त्या वेळेत पुढची जागा पाहायला निघा.

उठतानाही पक्षी दूर गेल्यावर, किंवा ते निर्धास्त चरत असतील तर वाकून, मागच्या मागे निघा.

टप्पा १० : नोंद आणि दुसरा काठ

घरी आल्यावर त्याच दिवशी लिहा: तारीख, पाणी खुणेपासून किती पावलांवर, वाऱ्याची दिशा, किती वाजता कोणता पक्षी किती अंतरावर. दोन हिवाळे हे केलं की कोणत्या आवर्तनानंतर कोणता काठ उघडतो ते तुम्ही घरबसल्या सांगू शकता.

एकाच काठावर लागोपाठ बसू नका. पक्षी ती जागा टाळू लागतात. ऊन-वारा सारखाच असलेला दुसरा काठ हाताशी ठेवा आणि आलटून-पालटून जा. फोटो टाकताना तलावाचं नाव द्यायला हरकत नाही, पण बसायच्या जागेची पिन देऊ नका आणि फाइलमधली स्थानाची नोंद काढून टाका. पावसाळ्यात इथेच घरटी करणाऱ्या अडई आणि हळदी-कुंकू बदकांच्या बाबतीत तर तळ्याचंही नाव नको, आणि घरट्याचा फोटो मुळातच काढू नका.

एखाद्या काठावर दोन खेपांत वाक्यात लिहिलेला पक्षी मर्यादेच्या आत आला नाही तर तिसरी खेप तिथे घालू नका. टप्पा २ वर परत जा आणि त्याच तलावाची दुसरी उथळ कड घ्या. फेब्रुवारी संपताना सगळ्या कडा सुकत आल्या की गावतळ्यांकडे वळा. मार्चमध्ये परतीच्या वाटेवरचं भुवई बदक बऱ्याचदा तिथे उतरतं, आणि तोवर नर पुऱ्या रंगात आलेला असतो.